काच तपासली

त्या लॉन्ड्रीत त्याला सगळे ‘आमेन’ म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच पडून राहिलं. लॉन्ड्री मोठी होती. तीन हॉस्पिटलांच्या चादरी आणि पाच-सहा हॉटेलांचे टॉवेल रोज गाड्या भरभरून यायचे. मोठाली मशीनं, लांबच लांब इस्त्रीचे रूळ, आणि हा सगळा पसारा चालायचा वाफेवर. वाफ द्यायचा मागच्या पत्र्याच्या खोलीतला जुनापुराणा बॉयलर, आणि बॉयलर सांभाळायचा आमेन. एकोणतीस वर्षं.

नाव ठेवलं इस्त्रीवाल्या बायकांनी. बॉयलरच्या खोलीत डोकवावं तर हा माणूस कुणाशी तरी बोलतोय, आणि खोलीत दुसरं चिटपाखरू नाही. एकटाच काय बडबडतोस, असं विचारलं की म्हणायचा, एकटा कुठाय, प्रभू आहे की. बायका ‘आमेन’ म्हणून हसायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. पण कुणाचं पोर तापाने फणफणलं की ह्याच बायका हळूच मागच्या दाराने यायच्या आणि सांगायच्या, तुझ्या त्याच्या कानावर घाल जरा. हा घालायचा. दुसऱ्या दिवशी ताप उतरला का ते आठवणीने विचारायचाही.

भक्त म्हणवणारी माणसं पायलीला पन्नास मिळतात. रविवारी गळा काढून गातात आणि सोमवारी शेजाऱ्याचा गळा धरतात. आमेन त्यातला नव्हता, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. त्याचा येशू ख्रिस्त भिंतीवरच्या तसबिरीत बसलेला नव्हता. तो त्याच्या पाळीवर असायचा. पंपाचा आवाज आज घरघरतोय, बायको काल दुपारपासून बोलत नाही, मॅनेजरच्या कानाखाली वाजवावीशी वाटतेय, असलं सगळं आमेन त्याला सांगायचा. सांगून झालं की गप्प राहून वाट बघायचा. उत्तर काही कानात ऐकू यायचं नाही, पण छातीत मोकळं वाटलं तर ठीक, जड वाटलं तर आपलं काहीतरी चुकलंय, असा त्याचा साधा हिशोब होता.

एकदा त्याने लॉन्ड्रीतली साबणाची वडी खिशात घालून घरी नेली होती. सगळेच नेतात, त्यात काय एवढं. तिसऱ्या दिवशी हा गडी अर्धी झिजलेली वडी कागदात बांधून मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आला. मॅनेजर हसून हसून लाल झाला. का परत आणलीस म्हणून विचारलं तर आमेन म्हणाला, दोन दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाहीये. हा किस्सा लॉन्ड्रीत वर्षभर पुरला.

आता बॉयलरची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिथेच फिरतं. बॉयलरच्या अंगावर एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. कमी दिसलं की पंप सुरू करायचा. मेख एवढीच, की नळीचं खालचं तोंड क्षार साचून बुजलं, तर आतलं पाणी आटत गेलं तरी काचेतलं जिथल्या तिथे उभं राहतं. म्हणून रोज सकाळी खालची तोटी उघडायची, काचेतलं पाणी फस्सकन सोडून द्यायचं आणि ते पुन्हा झरकन वर चढतं का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम. ते सकाळच्या पाळीने करायचं, वहीत ‘काच तपासली’ असं लिहून सही ठोकायची, आणि दुपारच्या पाळीने त्या सहीवर विसंबायचं, अशी तिथली रीत होती.

आमेन पहाटे येऊन बॉयलर पेटवायचा. सातपर्यंत वाफ तयार व्हायची आणि सव्वासातला इस्त्रीवाल्या यायच्या. मधली दहा मिनिटं त्याची आणि प्रभूची. बॉयलरच्या मागे एक लाकडी बाक होता, त्यावर तो डोळे मिटून बसायचा. ती दहा मिनिटं निवांत मिळावीत म्हणून त्याने एक सवय लावून घेतली होती. वहीतली सकाळची ओळ आधीच लिहून टाकायची, मग बाकावर बसायचं आणि उठल्यावर काच तपासायची. काम चुकवायचा नाही, फक्त लिहायचं आधी. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात कधी वावगं घडलं नव्हतं.

दुपारच्या पाळीला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. एके काळचा पक्का बेवडा. चार ठिकाणची नोकरी गेली होती, बायकोने दोनदा माहेर गाठलं होतं. आमेनने त्याला धरून धरून चर्चला नेलं, आपलं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, त्याच्या हातात दिलं, तो शुद्धीवर राहायला लागल्यावर मॅनेजरकडे शब्द टाकून त्याला बॉयलरवर लावलं आणि काम स्वतः शिकवलं. शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी काही विसरलास तरी चालेल, काचेवरची नजर हलवू नकोस, काच सांगेल तसं कर. मेहुणा तसंच करायचा. पाळीभर काचेसमोर स्टूल टाकून बसायचा, आणि इस्त्रीवाल्या म्हणायच्या, ह्याने आता बाटलीच्या जागी काच धरलीय.

ज्या दिवशी ते झालं, त्या सकाळी आमेनने नेहमीसारखी ओळ लिहिली आणि तो बाकावर बसला. आदल्या दिवशी मेहुण्याला त्याचे जुने दोस्त गाठून गेले होते. तो गेला नाही त्यांच्याबरोबर, पण घरी येऊन थरथरत होता, असं त्याच्या बायकोने कळवलं होतं. आमेन त्या पोराला सांभाळ म्हणून प्रभूला विनवत राहिला, आणि त्या विनवण्यात दहाची वीस मिनिटं झाली. इस्त्रीवालीने दार वाजवलं, वाफ कुठाय म्हणून ओरडली. हा धडपडत उठला, मोठा व्हॉल्व उघडला आणि कामाला लागला. दुपारी वही उघडली तर ‘काच तपासली’ असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. मग तपासलीच असणार, असं तो धरून चालला. खरं तर धरून चालला असंही नाही, त्याच्या मनात प्रश्नच आला नाही.

त्याच्या स्वतःच्या पाळीत काही बिघडलं नाही. एकोणतीस वर्षांचा हात, काचेकडे न बघताही ठरल्या वेळी पंप सुरू करायचा. मेहुणा मात्र शिकवल्याप्रमाणे काचेकडे बघत बसला. काचेत पाणी अर्ध्यावर होतं. पाच वाजता आटलेल्या बॉयलरची आतली लोखंडी नळी कोरडी तापून फाटली, भट्टीचं दार उडालं आणि सगळी वाफ समोर स्टुलावर बसलेल्या माणसाच्या अंगावर आली.

आमेनला घरी चहा पिताना निरोप आला. हॉस्पिटलच्या जिन्यात, तिसऱ्या का चौथ्या पायरीवर, त्याला सकाळ आठवली. बाक, दारावरची थाप, व्हॉल्व. तोटी कुठेच आठवेना. तो पायरीवरच बसला. बायकोला वाटलं, भावासाठी ह्याचा जीव तुटतोय. तिने त्याला धरून वर नेलं.

सरकारी निरीक्षक दुसऱ्या दिवशी आला. स्फोटात काचेचा भुगा झाला होता, तपासायला काही उरलं नव्हतं. उरली होती ती वही. निरीक्षकाने आमेनला विचारलं, सकाळी काच तपासली होती का?

“वहीत लिहिलंय,” आमेन म्हणाला.

निरीक्षकाने पान उलटलं. सकाळी सगळं ठीक, दुपारच्या पाळीने पाणी घेतलं नाही, दुपारच्या पाळीचा माणूस पूर्वीचा व्यसनी. दोन अन् दोन चार करायला किती वेळ लागतो? अहवालात ‘हलगर्जी’ एवढंच होतं, पण लॉन्ड्रीच्या फाटकापर्यंत जाईतो त्याचं ‘दारू पिऊन झोपला होता’ झालं.

मेहुणा अकरा दिवस जगला. आमेन त्याला भेटायला गेला तो सातव्या दिवशी. त्याआधी काही ना काही निमित्त निघत होतं. मेहुणा डोक्यापासून कमरेपर्यंत पट्ट्यांत होता, डोळे आणि ओठ तेवढे दिसत होते. आमेनला बघून त्याचे ओठ हलले. भाऊजी, असं म्हणाला, आणि पुढे काही सांगायला लागला. आमेनने त्याला बोलूच दिलं नाही. आराम कर म्हणाला, डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत प्रार्थना चालली. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस देवाच्या आड लपला, आणि खाटेजवळ बसलेल्या बायका म्हणाल्या, किती जीव आहे ह्याचा पोरावर.

मेहुण्याची माती झाली. आमेनचं रोजचं बोलणं काही थांबलं नाही, उलट वाढलं. नवा बॉयलर आला, नवा बाक आला, आणि आमेन आता दहाच्या जागी अर्धा तास बसायला लागला. विधवेसाठी मागायचा, बायकोसाठी मागायचा, मेहुण्याच्या आत्म्याला शांती मागायचा. एक गोष्ट सोडून सगळं बोलायचा. मी खोटं कुठे बोललो, वहीत लिहिलं होतंच की, एवढं मात्र अधूनमधून पुटपुटायचा. छाती दगडासारखी जड. साबणाच्या वडीवरून दोन दिवस अबोला धरणारा आता काय म्हणत असेल, हे कळायला काही पंडित नको होता. त्याला कळत होतं. म्हणूनच तो गप्प राहून वाट बघायचं टाळत होता. बोलणं संपलं की लगेच उठायचा.

घरी त्याहून वाईट. बायको मान वर करून चालेनाशी झाली होती. भावाने माझं नाक कापलं, म्हणायची. तुम्ही त्याच्यासाठी शब्द टाकलात आणि त्याने तुम्हालाच तोंडघशी पाडलं, म्हणायची. जेवायला वाढताना एकदा तिने त्याचे आभार मानले, की इतकं होऊनही तुम्ही माझ्या माहेराला एका शब्दाने बोलला नाहीत. आमेनने ताट बाजूला सारलं. काय हो, बरं वाटत नाही का, तिने विचारलं. तो उठून हात धुवायला गेला.

एकदा त्याने धीर केलाही. मॅनेजरसमोर उभा राहून म्हणाला, त्या दिवशी काच तपासल्याचं मला आठवत नाही. मॅनेजरने उठून दार लावून घेतलं. म्हणाला, प्रकरण मिटलंय, गेलेला माणूस परत येणार आहे का, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतोस. आमेन बाहेर आला तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढे कित्येक दिवस किळस येत राहिली.

चर्चमध्ये दर महिन्याचा शेवटचा रविवार साक्षीचा असायचा. कुणीतरी उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. पाळकसाहेबांनी आमेनला सांगून ठेवलं, या वेळी तुम्ही बोला, अवघ्या दोन तासांच्या फरकाने प्रभूने तुम्हाला वाचवलं, ही काय लहान साक्ष आहे? आमेन हो म्हणाला. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

त्या रविवारच्या आदल्या दुपारी मेहुण्याची बायको घरी आली. बसली नाही. पिशवीतून ते जुनं शास्त्र काढून तिने टेबलावर ठेवलं. तुमचं तुम्हाला, म्हणाली, त्याच्या हातात हे शोभलं नाही. चहा घे म्हटलं तर नको म्हणाली आणि आली तशी गेली.

आमेनने शास्त्र उचललं. ठेवायला गेला तर मागचं कोरं पान उघडलं. पानभर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या, कडेपर्यंत. वर मेहुण्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘न घेतलेला दिवस’. शेवटच्या जुडीत तीनच रेघा होत्या. तिसऱ्या रेघेपुढे तारीख घातली होती आणि लिहिलं होतं, ‘काल फार कठीण गेलं, पण गेलो नाही. भाऊजींना सांगायचं.’ तारीख त्याच दिवसाची होती.

आमेन खुर्चीवर बसला. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा तो काही न बोलता गप्प बसून राहिला, आणि मग जे इतके दिवस टाळलं होतं ते अंगावर आलं. बायकोला आधी सांगायला हवं होतं. तेवढंही त्याच्याच्याने झालं नाही. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि पाणी पिऊन परत आला.

रविवारी चर्च भरलं होतं. इस्त्रीवाल्यांपैकी दोघी-तिघी, ज्या एरवी यायच्या नाहीत, त्याही आमेनची साक्ष म्हणून आल्या होत्या. बायको दुसऱ्या रांगेत, मेहुण्याची बायको अगदी मागे, दाराजवळ. पाळकसाहेबांनी नाव घेतलं. आमेन पुढे गेला.

“प्रभूने मला वाचवलं नाही,” तो म्हणाला. “मी स्वतःला वाचवलं. त्या सकाळी मी काच तपासली नव्हती. लिहून ठेवलं होतं आधी, प्रार्थनेला बसायचं म्हणून, आणि मग विसरलो. तो पोरगा प्यायलेला नव्हता. मी शिकवलं तसंच तो करत होता. निरीक्षकाने विचारलं तेव्हा मला आठवलेलं होतं. हॉस्पिटलात गेलो तेव्हाही आठवलेलं होतं. मी बोललो नाही.”

पाळकसाहेबांनी कुणालातरी गीत सुरू करायची खूण केली, पण पेटीवर बसलेल्या माणसाला हात उचलवेना. आमेनची बायको नवऱ्याकडे बघत होती, कुणी अनोळखी माणूस घरात शिरलाय तसं.

मागून मेहुण्याची बायको उठली. ती ओरडली नाही, रडली नाही. मधल्या वाटेने चालत अर्ध्यावर आली आणि तिथे थांबली.

“तो मला रोज सांगत होता,” ती म्हणाली. “काचेत पाणी होतं गं, अर्ध्यावर होतं, मी बघत होतो. ओठ फाटले होते तरी तेच सांगायचा. तुम्हाला पण सांगणार होता, तुम्ही प्रार्थना केलीत. नवव्या दिवशी मी त्याला म्हटलं, निदान मरताना तरी खोटं बोलू नकोस. मग तो बोलायचाच थांबला. दोन दिवस एक शब्द नाही. आणि मग गेला. आता त्याचा खरेपणा मी कुणाला परत देऊ, भाऊजी?”

आमेनची बायको उठली, भावजयीजवळ गेली, तिचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या. बायकोने मागे वळून बघितलं नाही.

सोमवारी आमेन निरीक्षकाच्या कचेरीत गेला. कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला, त्यात सकाळच्या तपासणीचा रकाना होता. आमेनने त्यात ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. अहवाल बदलायला पाच महिने लागले. नोकरी मात्र आठवड्यातच गेली, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना. मेहुण्याचं नाव साफ झालं, आणि लॉन्ड्रीतल्या बायकांनी एका दुपारी काम थांबवून त्याच्यासाठी उभ्याने गीत म्हटलं, असं आमेनला नंतर रस्त्यात कुणीतरी सांगितलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आता ‘आमेन’ म्हणूनही कुणी हाक मारत नाही.

बायको महिन्याभराने परत आली. जेवायला वाढते, कपडे धुते, कामापुरतं बोलते. दर रविवारी भावजयीकडे जाते. जाताना तो दारापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. शास्त्र त्याने तिच्याबरोबर परत पाठवलं. ते परत आलं नाही.

सकाळची दहा मिनिटं तो अजून बसतो. बाक नाही, म्हणून मोरीजवळच्या स्टुलावर. माफी मागून झालीय, पुष्कळदा. ती मिळाली असावी असं त्याला कधी कधी वाटतंही, छाती पूर्वीसारखी दगड राहिलेली नाही. तो पूर्वीसारखा बडबडत नाही. पंपाचं, बायकोचं, स्वतःचं काहीच सांगत नाही. प्रभूला एकच गोष्ट विचारतो.

“त्या शेवटच्या दोन दिवसांत,” तो विचारतो, “तू तरी त्याच्याशी बोलत होतास ना?”

आणि मग उठून न जाता, गप्प राहून, दहा मिनिटं पुरी होईतो वाट बघतो.